शंकासमाधान : पेशीपटल कुठे उजळतं, कुठे विझतं

गेल्या अंकात डाय (चमकणारं रंगद्रव्य) लावलेलं पेशीपटल लेसरने पाहण्याच्या दोन पद्धतींची ओळख करून दिली होती. एक दोन-फोटॉन प्रतिदीप्ती आणि दुसरी सेकंड हार्मोनिक जनरेशन, म्हणजे एसएचजी. दोन्हींत लेसरचे अत्यंत आखूड स्पंद भिंगाने एका बिंदूवर एकवटतात आणि तो बिंदू पेशीवरून फिरवत चित्र तयार होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन्ही पद्धतींत दोन फोटॉन लागतात, मग फरक काय? आणि एसएचजीला डाय लागतोच का? (भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, सांगली)

मध्य सप्तकातल्या सा ची वारंवारता दुप्पट केली की तार सा मिळतो, अगदी नेमका. एसएचजीत प्रकाशाचं हेच होतं. १०६४ नॅनोमीटरचा लेसर आत गेला की ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर येतो, ९०० चा गेला की ४५० चा. यासाठी रेणूला फोटॉन शोषून उत्तेजित व्हावं लागत नाही. लेसरच्या लाटेबरोबर त्याचे इलेक्ट्रॉन हेलकावे खातात, आणि हे हेलकावे एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी असतील तर दुप्पट वारंवारतेची लाट निघते. प्रतिदीप्तीत रेणू दोन फोटॉन खरोखर शोषतो, साधारण नॅनोसेकंदभर थांबतो, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि उरलेली एका पसरट पट्ट्यात सोडतो.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून सोडून ३४७.२ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवला, तिथून एसएचजीची सुरुवात झाली. त्यांच्या शोधनिबंधातल्या छायाचित्रात हा प्रकाश म्हणजे एक पुसट ठिपका होता. छपाईच्या वेळी तो डाग समजून काढून टाकला गेला. छापील पानावर बाण आहे, बाणाच्या टोकाशी काहीच नाही. प्रतिदीप्तीची बाजू त्याहून जुनी आहे. एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाऊ शकतात हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये मांडलं, आणि त्यावर चालणारा सूक्ष्मदर्शक डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९० मध्ये उभा केला.

आता डायकडे येऊ. पेशीपटल चार-पाच नॅनोमीटर जाड असतं. त्यातले लिपिडचे दोन थर शेपटीला शेपटी लावून, आरशातल्या प्रतिबिंबासारखे उभे असतात. वरच्या थराची लाट आणि खालच्या थराची लाट एकमेकींना खोडतात, त्यामुळे नुसत्या पटलातून हाती फारसं काही लागत नाही. स्टायरिल गटातले डाय, म्हणजे एफएम ४-६४, डाय-४-ॲनेप्स, डाय-८-ॲनेप्स, यांच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा अमिनो गट असतो आणि दुसऱ्या टोकाला ओढून घेणारा पिरिडिनियम गट. हे रेणू बाहेरून येऊन फक्त बाहेरच्या थरात, सगळे एकाच दिशेला तोंड करून रुततात. आरशाची सममिती मोडते आणि पटल उजळतं. या पद्धतीतलं पुढचं सगळं यश-अपयश डाय कोणत्या बाजूला आहे आणि कसा उभा आहे यावर ठरतं.

प्रश्न : एचईके पेशींना (मानवी मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) एफएम ४-६४ लावून १०६४ नॅनोमीटरला पाहतो. प्रतिदीप्तीत पेशीभोवती पूर्ण कडं दिसतं, पण एसएचजीत डावी-उजवीकडे दोनच कमानी दिसतात. दोन पेशी जिथे चिकटल्या आहेत तिथे प्रतिदीप्ती सगळ्यात तेजस्वी आणि एसएचजी पूर्ण काळं. लेसरची पॉवर दुप्पट करूनही फरक नाही. यंत्र बिघडलंय का? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

यंत्र ठीक आहे. पॉवर वाढवण्याआधी डायच्या दिशेचा विचार करा.

आधी कमानी पाहू. डायचे रेणू पटलाला साधारण काटकोनात उभे असतात. लेसरचं ध्रुवीकरण (त्याचं विद्युतक्षेत्र डोलण्याची दिशा) आडवं असेल तर कड्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेत येतात, चित्रात वरच्या-खालच्या बाजूचे क्षेत्राला काटकोनात राहतात. रेणू आणि क्षेत्र यांच्यातला कोन ४५ अंश झाला की एसएचजी सुमारे एक चतुर्थांशावर येते, ६० अंशाला सोळाव्या हिश्श्यावर. म्हणून कड्याच्या कमानी होतात. प्रतिदीप्तीतही हा परिणाम असतो, पण रेणू थोडे कलंडलेले आणि हलते असल्याने तिथे तो बोथट होतो. खात्री करायची असेल तर लेसरच्या वाटेत अर्धतरंग पट्टी घालून ती ४५ अंश फिरवा. ध्रुवीकरण ९० अंश फिरेल आणि कमानी वर-खाली जातील. पूर्ण कडं हवं असेल तर पाव-तरंग पट्टीने प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करा. इथे एक फसगत होते. पट्टी लेसरजवळ नीट लावलेली असते, पण पुढचा डायक्रॉइक आरसा (काही रंग परतवणारा, काही पुढे सोडणारा) ध्रुवीकरण पुन्हा लंबवर्तुळाकार करून टाकतो. त्यामुळे मोजमाप ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाच्या, पुढे करा. तिथे पोलरायझर फिरवत पॉवर मीटर वाचा. पूर्ण फेरीत आकडा दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर पट्टीचा कोन पुन्हा बसवा.

वर्तुळाकार प्रकाशातही पेशीचा अगदी वरचा आणि अगदी तळाचा भाग काळाच राहणार. तिथे रेणू प्रकाशाच्या वाटेच्याच दिशेत उभे असतात आणि त्या दिशेत क्षेत्र जवळजवळ नसतं. म्हणून पेशीच्या मधल्या उंचीवर फोकस करा.

आता चिकटलेल्या पेशी. दोन्ही पटलांच्या बाहेरच्या थरात डाय आहे, पण बाहेरचे थर एकमेकांसमोर आहेत. एका पटलातले रेणू उजवीकडे तोंड करून, दुसऱ्यातले डावीकडे. दोन पटलांतलं अंतर काही दशक नॅनोमीटर, फोकसचा बिंदू त्याहून कितीतरी मोठा. दोन्ही लाटा एकाच बिंदूत उलट्या कलेत (एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा) निघतात आणि वजाबाकी होऊन शून्य उरतं. प्रतिदीप्तीत कलेचा संबंध नसतो, तिथे नुसती बेरीज होते, म्हणून तीच जागा दुप्पट तेजस्वी. तुमच्या दोन चित्रांतला हा विरोध फार मोलाचा आहे. पटलं खरोखर भिडली आहेत की नुसती जवळ आली आहेत हे त्यावरून कळतं, कारण ती फोकसच्या आकारापेक्षा दूर गेली की एसएचजीत दोन वेगळ्या रेघा उगवतात.

हाच हिशेब एका पटलालाही लागू पडतो. प्रतिदीप्ती बाहेरच्या आणि आतल्या थरातल्या डायच्या बेरजेवर चालते. एसएचजी त्यांच्या वजाबाकीच्या वर्गावर. बाहेर १०० रेणू आणि आत शून्य असेल तर एसएचजी १०० टक्के धरा. त्यातले २० उलटून आत गेले तर बाहेर ८०, आत २०, फरक ६०, आणि साठाचा वर्ग धरला की एसएचजी ३६ टक्क्यांवर. प्रतिदीप्ती तसूभरही बदललेली नसते. म्हणून प्रयोग चालू असताना एसएचजी घसरत असेल आणि प्रतिदीप्ती स्थिर असेल, तर डाय आत उलटतोय. दोन्ही घसरत असतील तर डाय धुतला जातोय किंवा जळतोय. मेलेल्या पेशीत डाय फाटक्या पटलातून आत शिरून दोन्ही थरांना आणि आतल्या सगळ्या पटलांना लागतो. ती पेशी प्रतिदीप्तीत झगझगीत आणि एसएचजीत काळी असते. अशा पेशी मोजमापातून वगळा.

यंत्राची बाजूही एकदा तपासून घ्या. त्यासाठी महागडा नमुना लागत नाही, एक बटाटा पुरतो. ताज्या कापावर काचेची पट्टी घासा, थेंबभर पाणी टाका, कव्हरस्लिप ठेवा. स्टार्चचे कण डायशिवायच जोरदार एसएचजी देतात. त्यांची मांडणी केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या आऱ्यांसारखी असल्यामुळे आडव्या ध्रुवीकरणात प्रत्येक कण दोन पाकळ्यांचा दिसतो, पाकळ्या ध्रुवीकरणाच्या दिशेत. म्हणजे संकेत, फिल्टर आणि ध्रुवीकरण तिन्हींची तपासणी पाच मिनिटांत होते. बटाटा कच्चाच घ्या. शिजल्यावर स्टार्च फुगतो, मांडणी विस्कटते आणि एसएचजी मावळते.

प्रश्न : स्टार्च छान दिसतो, पेशी मात्र अंधुक. एसएचजीचा डिटेक्टर कंडेन्सरच्या (नमुन्यापलीकडच्या भिंगाच्या) बाजूला आहे. (प्रयोगशाळा सहायक, मुंबई)

कंडेन्सरची पडदी बंद राहिली असावी. पटलातून निघणारी एसएचजी पुढच्या दिशेला जाते, पण सरळ मधोमध जात नाही. फोकसमधून जाताना लेसरची कला सरकते, त्यामुळे ती अक्षाच्या दोन बाजूंना, तिरप्या दोन झोतांत निघते. ऑब्जेक्टिव्हचं न्युमरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश हाताळतं त्याचा आकडा) जितकं मोठं, तितके हे झोत जास्त तिरपे. पडदी अर्धी मिटलेली असली की नेमके तेच अडतात. पडदी पूर्ण उघडा. कंडेन्सरचं ॲपर्चर ऑब्जेक्टिव्हच्या बरोबरीचं किंवा जास्त हवं. ०.५ चा लांब अंतराचा कंडेन्सर इथे निकामी, शक्य तर तेलाचा १.४ वापरा. डीआयसीची (पारदर्शक पेशी उठावदार दाखवण्याच्या पद्धतीची) प्रिझम आणि पोलरायझर वाटेतून काढा. या डिटेक्टरला खोलीतला प्रकाशही सरळ मिळतो, तेव्हा काळा पडदा ओढा आणि मॉनिटरची दिशा बदला.

प्रश्न : डाय टाकला की डिशमध्ये लाल गुठळ्या होतात आणि पंधरा मिनिटांत पेशीच्या आत ठिपकेच ठिपके. प्रमाण काय ठेवावं? (जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

गुठळ्या आणि ठिपके या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुम्ही डायचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून दोन नेहमीचे डाय घेतो.

एफएम ४-६४ पाण्यात विरघळतो. १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ३३ मायक्रोलिटर पाणी घातलं की ५ मिलिमोलर साठा होतो. पाच-पाच मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशाला, अंधारात ठेवा. वापरताना सीरम नसलेल्या, फिनॉल रेड नसलेल्या १ मिलिलिटर हँक्स बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) २ मायक्रोलिटर टाका, म्हणजे १० मायक्रोमोलर. पेशी आधी दोनदा त्याच बफरने धुऊन घ्या. सीरममधलं अल्ब्युमिन डाय धरून ठेवतं आणि पटलापर्यंत फार थोडा पोहोचतो. सीरम न धुता डायचं प्रमाण वाढवत जाणं ही सर्रास होणारी चूक आहे.

या डायवर दोन धन प्रभार असल्याने तो पटलात उलटत नाही, पण पेशी पटलाचे तुकडे गिळते तेव्हा त्यांच्याबरोबर आत जातो. तुम्हाला दिसणारे ठिपके ते हेच. ३७ अंशाला ही क्रिया काही मिनिटांत सुरू होते. पेशी बर्फावर थंड करा, थंड बफरमधूनच डाय द्या, पाच मिनिटं थांबा आणि चित्रं वीसेक मिनिटांत उरका. डाय धुऊन टाकू नका. त्याची पटलातली पकड सैल असते, धुतला की पटलातून निघत जातो. बफरमध्ये राहिला तरी बिघडत नाही, कारण पाण्यात तो जवळजवळ चमकत नाही आणि तिथे रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून असल्याने एसएचजीही जमत नाही. गिळलेले ठिपके एसएचजीत सहसा दिसत नाहीत हेही लक्षात घ्या. सुमारे १०० नॅनोमीटरच्या गोळीचा पूर्ण गोल एकाच फोकसमध्ये मावतो, समोरासमोरच्या भिंती एकमेकींना खोडतात. प्रतिदीप्तीत ठिपक्यांनी भरलेली पेशी एसएचजीत स्वच्छ कड्यासारखी दिसते.

डाय-८-ॲनेप्सच्या दोन लांब शेपट्या त्याला पटलात घट्ट रोवतात. डाय-४ लवकर आत उलटतो, हा बराच जास्त वेळ बाहेर टिकतो. पण याच शेपट्यांमुळे तो पाण्यात विरघळत नाही आणि गुठळ्या करतो. ५ मिलिग्रॅमला ०.८४ मिलिलिटर कोरडं डीएमएसओ हे द्रावक घातलं की १० मिलिमोलर साठा होतो. वापरताना १ मायक्रोलिटर साठा आणि डीएमएसओमधला २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ (साबणासारखा विरघळवणारा पदार्थ) एक मायक्रोलिटर आधी एकत्र करा. मग खोलीच्या तापमानाच्या २ मिलिलिटर बफरमध्ये, व्हॉर्टेक्स चालू असतानाच सोडा. डाय ५ मायक्रोमोलर होतो, प्लुरॉनिक ०.०१ टक्का. थंड बफरमध्ये थेंब सोडला किंवा प्लुरॉनिक नंतर घातलं तर गुठळ्या ठरलेल्या. दहा मिनिटं ठेवून दोनदा धुवा. तरीही कण दिसले तर बफर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा भाग घ्या. सिरिंज फिल्टर वापरू नका, डाय त्यालाच चिकटून बसतो.

एक गोष्ट खास पावसाळ्यासाठी. डीएमएसओ हवेतली ओल ओढतं. फ्रीझरमधली कुपी थंड असतानाच उघडली तर बाष्प आत धरतं आणि पुढच्या वेळी डाय खाली बसलेला दिसतो. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा.

प्रश्न : दिसतंय ते एसएचजीच आहे, प्रतिदीप्ती गळून येत नाही, हे सिद्ध कसं करायचं? (संशोधक, बेंगळुरू)

लेसरची तरंगलांबी बदला. टायटेनियम-सफायर लेसर ९०० वरून ९२० ला नेला तर एसएचजी ४५० वरून ४६० ला सरकते, प्रतिदीप्तीचा पट्टा जागेवर राहतो. ४५० भोवतीचा अरुंद फिल्टर असेल तर ९२० ला चित्र विझायला हवं. लेसर एकाच तरंगलांबीचा असेल तर ५३२ चा दहा नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर काढून शेजारच्या पट्ट्याचा, उदाहरणार्थ ५६० चा लावून पाहा. पॉवर दुप्पट केली की संकेत चौपट होतो ही तपासणी जरूर करा, पण ती दोन-फोटॉन प्रतिदीप्तीलाही लागू पडते, म्हणून ती एकटी पुरावा ठरत नाही. चौपटीपेक्षा कमी वाढ मिळाली तर डिटेक्टर भरून गेलाय किंवा डाय जळतोय.

प्रश्न : १०० ऐवजी ५० फेम्टोसेकंदांचा लेसर घेतला तर संकेत वाढेल ना?

कागदावर वाढतो. प्रत्यक्षात भिंगांची काच स्पंद पसरवते. वाटेत एकूण ३००० फेम्टोसेकंद-वर्ग इतकं डिस्पर्शन धरा. १०० चा स्पंद नमुन्यापाशी १३० चा होतो, ५० चा मात्र सुमारे १७४ चा. आखूड स्पंदात रंगांचा पट्टा जास्त रुंद असतो, म्हणून तो जास्त विस्कटतो. डिस्पर्शन भरून काढणारी प्रिझमची जोडी नसेल तर १०० चाच लेसर उजवा.

प्रश्न : मॅक्रोफेज पेशींमधलं कोलेस्टेरॉल सायक्लोडेक्स्ट्रिनने काढल्यावर पटल सैल झालं का ते पाहायचंय. त्यासाठी एसएचजी चालेल का? (पीएचडी विद्यार्थिनी, नागपूर)

त्यासाठी लॉर्डान घ्या. ग्रेगोरिओ वेबर यांनी १९७९ मध्ये तयार केलेला हा डाय पटलात पाणी किती शिरलंय ते सांगतो. लिपिड घट्ट बसलेले असतील तर तो ४४० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, सैल झाले की पाणी आत येतं आणि चमक ४९० कडे सरकते. एका फोटॉनने, अतिनील प्रकाशात, तो पाहता पाहता जळतो. दोन-फोटॉनने, ७८० ते ८०० नॅनोमीटरला, टिकतो. ५ मिलिमोलर साठ्यातून १ मायक्रोलिटर दर मिलिलिटरला, ३७ अंशाला ३० मिनिटं. एका डिटेक्टरवर ४०० ते ४६०, दुसऱ्यावर ४७० ते ५३०. पहिल्यातून दुसरा वजा करून बेरजेने भागलं की जीपी (जनरलाइज्ड पोलरायझेशन) मिळतो, उणे १ ते अधिक १ मधला. आकडा वर म्हणजे पटल घट्ट.

तीन ठिकाणी घात होतो. दोन डिटेक्टरांची संवेदनशीलता सारखी नसते. डीएमएसओमधलं लॉर्डानचं द्रावण त्याच सेटिंगवर मोजून सुधारणा गुणक काढा आणि त्यानंतर गेनला हात लावू नका. दुसरं, ७८० ला पेशीतला एनएडीएच हा नैसर्गिक रेणूही ४६० च्या आसपास चमकतो आणि जीपी बिघडवतो, तेव्हा डाय न लावलेल्या पेशींचं चित्र घेऊन ते वजा करा. तिसरं तापमान. ते दोन-चार अंशांनी उतरलं तरी पटल घट्ट होतं, आणि ते कोलेस्टेरॉलचा परिणाम म्हणून नोंदलं जातं. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांची तुलना करत असाल तर डिशमध्येच तापमापक ठेवा. लॉर्डान दोन्ही थरांत आणि पेशीच्या आतल्या पटलांतही जातो, म्हणून पेशीच्या फक्त कडेचा पट्टा निवडून जीपी काढा.

प्रश्न : एसएचजीने मज्जापेशीतलं विद्युतविभव मोजता येतं असं वाचलं. किती खरं? (वाचक, ठाणे)

खरं आहे. स्थिर अवस्थेत पटलावर सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतात. पटल इतकं पातळ आहे की हे क्षेत्र मीटरला दीड कोटी व्होल्टच्या घरात जातं, आणि डायचे इलेक्ट्रॉन त्याला प्रतिसाद देतात. पण १०० मिलिव्होल्टला बदल मिळतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. एका बिंदूतून १०० फोटॉन आले तर त्यांच्या संख्येतला नैसर्गिक चढउतारच १० असतो, म्हणजे संकेत आणि गोंगाट बरोबरीचे. चढउतार एक टक्क्यावर आणायला दहा हजार फोटॉन लागतात. म्हणून संशोधक पूर्ण चित्र घेण्याऐवजी एकाच रेषेवर किंवा बिंदूवर लेसर थांबवतात आणि तीच उत्तेजना अनेकदा देऊन सरासरी काढतात.

लेसर असा थांबवताना पेशीवर लक्ष ठेवा. एसएचजीची क्रिया स्वतः नमुन्यात ऊर्जा सोडत नाही, पण १०६४ ला हाच डाय प्रकाश शोषतोही, आणि त्यातून पटलाला इजा होते. नमुन्यापाशी ५ ते १५ मिलिवॉटपासून सुरुवात करा. पटलावर फुगे उठले, किंवा प्रतिदीप्ती एकदम उसळून एसएचजी कोसळली, तर ती पेशी गेली. आणि हा किरण डोळ्यांना दिसत नाही. भिंगं जुळवताना त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा घाला, हातातलं घड्याळ काढून ठेवा, कारण त्याच्या काचेवरून परतलेला झोतही डोळ्यातलं दृष्टिपटल जाळायला पुरतो.